खाल्लं तर खाल्लं!

“आज मी पाप केलं.”

हे वाक्य हल्ली देवळात ऐकू येत नाही, कोर्टात तर नाहीच नाही. ते ऐकू येतं वजन कमी करायला निघालेल्या बायकांच्या तोंडी. पाप कसलं म्हणाल, तर भाचीच्या डोहाळजेवणात दोन पुरणपोळ्या खाल्ल्या! पुरुष मंडळी जरा हसून बोलतात, “काल चीटिंग झालं हो,” पण त्या हसण्याखालीही तेच असतं. आणि पापाच्या कबुलीनंतरची वाक्यं तर मला पाठ झाली आहेत. “माझ्यात निश्चय म्हणून नाहीच.” “महिन्याची मेहनत पाण्यात गेली.” “मी अशीच, जन्मभर अशीच राहणार.” “लाज वाटायला हवी मला.” आणि सगळ्यात शेवटी, “आता उद्या दिवसभर काही म्हणजे काही खाणार नाही!”

मंडळी, हीच वाक्यं दुसऱ्या कुणी आपल्याला ऐकवली तर आपण त्याच्या दारात पुन्हा पाऊल टाकणार नाही. स्वतःला मात्र आपण ती रोज ऐकवतो आणि वर त्याला ‘शिस्त’ म्हणतो. माझं भांडण आहे ते याच्याशी. पथ्य मोडल्यावर स्वतःला टाकून बोलणं ही शिस्त नव्हे. त्याने वजन उतरत नाही, बहुतेक वेळा वाढतं. आणि कधीकधी वजनापेक्षाही मोठं काहीतरी गमवावं लागतं. ते पुढे सांगेनच.

आधी एक खुलासा करते, नाहीतर कुणीतरी म्हणेल की बाई लोकांना चरत सुटायला सांगतायत. मी सत्तरी ओलांडली आहे, गुडघ्यांची भाषा मला चांगली कळते. लठ्ठपणा हा आपल्याकडे खरा आणि मोठा प्रश्न आहे. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २४ टक्के आणि पुरुषांपैकी जवळजवळ २३ टक्के जादा वजनाचे किंवा लठ्ठ आढळले. म्हणजे ढोबळमानाने चौघांत एक. मधुमेह, रक्तदाब, गुडघे, हृदय… यादी सगळ्यांना ठाऊक आहे. डॉक्टरांनी पथ्य सांगितलं असेल तर ते पाळावं. माझं म्हणणं पथ्याविरुद्ध नाही. पथ्य एक दिवस चुकल्यावर जो फौजदारी खटला आपण स्वतःवर चालवतो, त्याविरुद्ध आहे.

आता तो शब्द घ्या, ‘चीटिंग’. मी आयुष्यभर शाळेत शिकवलं, त्यामुळे हा शब्द मला परीक्षेच्या हॉलमधून माहीत आहे. चीटिंग म्हणजे कॉपी, म्हणजे फसवणूक. फसवणुकीला दोन पक्ष लागतात, एक फसवणारा आणि एक फसणारा. पुरणपोळी खाल्लीत त्यात कुणाला फसवलंत? तुमच्या शरीराला? त्याला तर पोळी पोचली, त्याने ती पचवलीसुद्धा. आहाराचा तक्ता लिहून देणाऱ्याला? त्याचे पैसे त्याला आधीच मिळालेत. मग ही कॉपी झाली कुठे? उलट काहीजण आठवड्यातला एक दिवस मुद्दाम ‘चीट डे’ म्हणून राखून ठेवतात. परीक्षेच्या वेळापत्रकात ‘गुरुवार : कॉपीचा दिवस’ असं छापलं तर कसं वाटेल? शब्दच चुकीचा निवडला की पुढचा सगळा विचार चुकतो. जेवणाला जेवण म्हणा. जास्त झालं तर ‘जास्त झालं’ म्हणा. त्यासाठी मराठीत चांगले साधे शब्द आहेत.

बरं, पाप झालं असं धरून चालू, निदान त्याचं माप तरी घ्याल की नाही? चला, सातवीतलं गणित करू. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी असं ढोबळमानाने धरतात. तुपाची चांगली भरलेली पुरणपोळी ३५० कॅलरीची धरू. भागाकार करा. रोजच्या गरजेपुरतं जेवून शिवाय वर बावीस पोळ्या खाल्ल्या तर एक किलो चरबी वाढेल. दोन पोळ्यांची चरबी भरते नव्वद ग्रॅम. शंभरसुद्धा नाही! “पण बाई, दुसऱ्या दिवशी काटा एक किलो वर दाखवत होता.” दाखवणारच. कटाच्या आमटीतलं मीठ पाणी धरून ठेवतं. पिठूळ-गोड खाल्लं की त्यातली साखर शरीर साठवून ठेवतं आणि त्या साठ्याबरोबर त्याच्या तिप्पट पाणी साठतं. जेवण अजून पोटातच असतं, त्याचंही वजन आहेच. नेहमीचं खाणं सुरू झालं की दोन-चार दिवसांत हे पाणी आपोआप निघून जातं. म्हणजे ‘महिन्याची मेहनत पाण्यात’ गेलेली नसते, मेहनतीच्या वर थोडं पाणी चढलेलं असतं इतकंच.

पूर्वी रेल्वे स्टेशनवर रंगीत दिव्यांचं वजनाचं यंत्र असायचं, आठवतं? नाणं टाकलं की खटकन पुठ्ठ्याचं तिकीट बाहेर पडायचं. त्यावर वजन आणि सोबत दोन ओळींचं भविष्य. ते भविष्य बहुधा गोडच असायचं. वजन काहीही असो, ‘आपण उदार मनाचे आहात, लवकरच शुभवार्ता कळेल’ अशा धर्तीचं. आपल्या डोक्यातल्या यंत्राचं उलटं आहे. ते वजनही चुकीचं सांगतं आणि भविष्यही वाईट छापतं.

आता मुख्य मुद्दा. या बोलण्याने होतं काय? आपल्या पूर्वजांनी ते एका म्हणीत सांगून ठेवलं आहे, ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’. आपण ती हसण्यावारी नेतो, पण त्या म्हणीला पुढे प्रयोगशाळेत दुजोरा मिळाला. १९७५ साली अमेरिकेत हर्मन आणि मॅक या संशोधकांनी एक प्रयोग केला. विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक दिला. काहींना एक, काहींना दोन, काहींना मुळीच नाही. नंतर सगळ्यांपुढे आइस्क्रीम ठेवलं आणि सांगितलं, चव बघा, हवं तेवढं खा. ज्या मुली एरवी डाएट करत नव्हत्या त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. सरळ आहे, पोट भरलेलं होतं. पण ज्या नेहमी मोजूनमापून खाणाऱ्या होत्या, त्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम जास्त खाल्लं! का? तर ‘आजचा दिवस मोडलाच आहे, मग आता काय फरक पडतो?’ संशोधकांनी पुढे याला जे गमतीदार इंग्रजी नाव दिलं, त्याचं मराठी मी ‘गेलं खड्ड्यात’ असं करते. नंतरच्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली. पदार्थात खरोखर किती कॅलरी होत्या याला फारसं महत्त्व नव्हतं. ‘आपण नियम मोडला’ ही नुसती समजूत पुरेशी होती.

हे वाचून मला अजिबात नवल वाटलं नाही. पाचवी-सहावीच्या वर्गावर शिकवलेल्या कुणालाही विचारा. नव्या वहीच्या पहिल्या पानावर शाईचा डाग पडला की काही मुलं ते पान फाडतात. पान फाडलं की त्याच्या जोडीचं मागचं पान सुटं होतं, मग तेही जातं. पंधरा दिवसांत वही निम्मी होते. डाग पडला होता एका ओळीवर, वही संपली ती फाडण्याने. आणि गैरहजर मुलाचं? सोमवारी गृहपाठ झाला नाही म्हणून शाळेत आला नाही. मंगळवारी ‘काल का नाही आलास’ या प्रश्नाच्या भीतीने नाही आला. बुधवारी दोन दिवसांचा जाब द्यायचा म्हणून नाही आला. उशिरा येणाऱ्याला फाटकात अर्धा तास उभं करणाऱ्या शाळेत उशिरा येणारी मुलं कमी होतात खरी, पण ती वेळेवर येऊ लागतात म्हणून नव्हे. ती येईनाशी होतात.

आता ते मोठं नुकसान सांगते. माझ्याबरोबर नोकरी केलेल्या एक बाई होत्या. कामाला वाघ, अक्षर मोत्यासारखं, वर्गावर पकड अशी की आवाज चढवावा लागत नसे. निवृत्तीनंतर त्यांना मधुमेह निघाला. डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं, म्हणून त्या वजन कमी करण्याच्या एका वर्गाला जाऊ लागल्या. तिथे दर शनिवारी सगळ्यांसमोर वजन व्हायचं आणि आकडा मोठ्याने वाचला जायचा. चार महिन्यांत साडेपाच किलो उतरलं, टाळ्याही मिळाल्या. मग २०१६ची दिवाळी आली. लेक-जावई, नातवंडं, फराळ. काटा दीड किलो वर गेला. पुढच्या शनिवारी त्या गेल्या नाहीत. “थोडं उतरवते आणि मग जाते,” म्हणाल्या. उतरलं नाही, मग गेल्याच नाहीत. इथवर ठीक होतं, तसले वर्ग न जाऊनही माणूस जगतो. पण पुढे त्यांनी डॉक्टरांकडे जाणंही टाळलं, कारण तिथेही दाराशी काटा होता. सव्वा वर्ष साखर तपासली नाही. पायाला चप्पल चावली, जखम बरी होईना, आणि ज्या दिवशी दवाखान्यात गेल्या त्या दिवशी उजव्या पायाचा अंगठा वाचवण्याची वेळ टळून गेली होती.

मला सांगा, तो अंगठा कशाने गेला? चार चकल्या आणि दोन लाडवांनी? दिवाळीनंतर आठ दिवसांनी त्या दवाखान्यात गेल्या असत्या तर डॉक्टरांनी साखर बघितली असती, गोळी कमी-जास्त केली असती, आणि पुढच्या महिन्याची तारीख दिली असती. मधुमेहाची दिवाळी डॉक्टरांना दरवर्षीची असते. तो अंगठा लाजेने गेला. म्हणून जेव्हा कुणी म्हणतं, “थोडी लाज वाटलेली बरी, त्याशिवाय सुधारणा होत नाही,” तेव्हा माझा संयम सुटतो.

या लाजेवर कुणाचं पोट भरतं तेही बघा. तीन महिन्यांत दहा किलो, एकवीस दिवसांत पोट सपाट, अमुक पावडर, तमुक चहा. वजन उतरलं तर श्रेय योजनेचं. परत वाढलं तर दोष तुमच्या निश्चयाचा. आणि दोष तुमचाच असल्यामुळे तुम्ही पुन्हा त्याच दारात पैसे घेऊन उभे! वास्तविक वजन उतरवणाऱ्यांपैकी बहुतेकांचं उतरलेलं वजन पुढच्या काही वर्षांत बरंचसं परत येतं, ही जगभरातली डॉक्टरांना ठाऊक असलेली गोष्ट आहे. पन्नासच्या वर्गात चाळीस मुलं नापास झाली तर शिक्षणाधिकारी मुलांना बोलावत नाहीत, बाईंना बोलावतात. “तुम्ही शिकवलंत काय?” असं विचारतात. हा प्रश्न आहाराच्या तक्त्याला कधी विचारला गेलाय? चिंच-गुळाची आमटी आणि भाकरी खाणाऱ्या घराला ओट्स आणि अ‍ॅव्होकाडो लिहून देणारा तक्ता मोडला, तर मोडला कोण, माणूस की तक्ता?

आणि निश्चयाचं म्हणाल तर एक जुनी गोष्ट सांगते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ तरुणांवर अर्धपोटी राहण्याचा प्रयोग केला. युद्धात उपाशी राहिलेल्या लोकांना पुन्हा कसं खाऊपिऊ घालावं हे शोधण्यासाठी. हे तरुण स्वेच्छेने आले होते. आणि कोण होते? सदसद्विवेकाला पटत नाही म्हणून ज्यांनी हातात बंदूक घ्यायला नकार दिला होता असे! सगळा देश युद्धावर जात असताना ‘नाही’ म्हणणाऱ्यांच्या मनोनिग्रहावर कोण शंका घेईल? सहा महिने त्यांना गरजेच्या निम्म्याच्या आसपास अन्न मिळालं. या निग्रही माणसांना अन्नाशिवाय दुसरं काही सुचेना. ती पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागली, एकेक घास घोळवत जेवू लागली. काहींच्या हातून नियम मोडला गेला आणि मग ती अपराधीपणाने पोळून निघाली. चारित्र्य बदललं होतं का त्यांचं? नाही. पोट उपाशी होतं.

२०११ साली ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासातही हेच दिसलं. खाणं कमी करून वजन उतरवलेल्या लोकांच्या रक्तातली भुकेची आणि तृप्तीची संप्रेरकं वर्षभरानंतरही पूर्वीच्या जागी आली नव्हती. शरीर वर्षभर ‘खा, खा’ म्हणत होतं. आणि आता तर २०२५ साली मोंजारो, वेगोव्ही ही आठवड्याला एकदा घ्यायची इंजेक्शनं आपल्याकडेही आली. मी त्यांची जाहिरात करत नाही. त्यांचे दुष्परिणाम आहेत, थांबवली की वजन बरंचसं परत येतं, आणि ती डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेण्याची वस्तू नव्हे. पण एका प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलं आहे. आतड्यातून निघणाऱ्या संप्रेरकांसारखं औषध टोचलं की माणसाची भूक शमते. आता मला सांगा, सुईतून निश्चय टोचता येतो का? चारित्र्य बाटलीत भरून मिळतं का? मिळत नाही. म्हणजेच ज्याला आपण इतकी वर्षं चारित्र्यातली खोट समजत आलो, तिच्यात भुकेचा वाटा फार मोठा होता.

बायकांच्या बाबतीत तर ही फिर्याद दुहेरी चालते. सगळ्यांना वाढून झालं की पातेल्यात वाटीभर भाजी, अर्धी पोळी, नातवाने टाकलेला भात उरतो. टाकून दिलं तर अन्नाचा अपमान, खाल्लं तर डाएटचा! दोन्हीकडून पाप तिच्याच नावावर. समारंभात एकच मावशी आधी म्हणते, “अगं, केवढी सुटलीस!” आणि पाचच मिनिटांत ताटात जिलबी टाकत म्हणते, “एवढ्याने काही होत नाही गं, घे.” नाही म्हटलं तर यजमानीण रुसते, घेतलं तर रात्री झोप येत नाही. या सगळ्यात त्या बाईचा स्वतःचा असा गुन्हा किती? माझ्या हिशेबी शून्य.

आता विरुद्ध बाजू. माझ्याच पिढीतले लोक विचारतात, “बाई, तुम्ही शिक्षिका ना? धाकाशिवाय मूल शिकतं का?” पहिलं उत्तर कायद्याचं. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेत मुलाला शारीरिक शिक्षाच काय, मानसिक त्रास द्यायलाही बंदी केली. ‘तू ढ आहेस, तू असाच राहणार’ हे वर्गात दुसरीतल्या मुलाला म्हणायची सोय राहिली नाही. साठीच्या बाईने आरशासमोर उभं राहून स्वतःला म्हणायची मात्र पूर्ण मुभा आहे!

दुसरं उत्तर पुन्हा प्रयोगाचं. २००७ साली अ‍ॅडम्स आणि लिअरी या अमेरिकन संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनीही विद्यार्थिनींना आधी गोड खायला दिलं, या खेपेला डोनट. मग त्यांतल्या काहींना सहज बोलता बोलता एवढंच सांगितलं की, असं सगळेच खातात, स्वतःवर रागावू नका. नंतर सगळ्यांपुढे गोळ्या-चॉकलेटं ठेवली. डाएट करणाऱ्या ज्या मुलींना हे समजुतीचे दोन शब्द मिळाले होते त्यांनी ती कमी खाल्ली. ज्यांना मिळाले नव्हते त्यांनी जास्त. म्हणजे सैल सोडल्याने त्या सुटल्या नाहीत, सावरल्या.

तिसरं उत्तर माझ्या धंद्यातलं. वही तपासताना लाल शाईची खूण शब्दाभोवती करायची असते. ‘आशिर्वाद’ लिहिलं तर ‘शि’वर खूण करायची आणि वर ‘शी’ लिहायची. मुलाच्या कपाळावर ‘मूर्ख’ लिहून शुद्धलेखन सुधारत नाही, कारण त्या शब्दात कुठली वेलांटी चुकली याची माहितीच नसते. “माझ्यात निश्चय नाही” या वाक्यातही तशीच काही माहिती नाही. “दुपारचं जेवण चुकवलं, म्हणून संध्याकाळी भूक आवरली नाही,” यात माहिती आहे. यावरून उद्या काहीतरी करता येतं.

आणि कुणी संस्कृतीची साक्ष काढणार असेल तर तीही काढू. आपल्याकडचा उपवास इतका निर्दयी कधीच नव्हता. आजारी माणसाला सूट, गरोदर बाईला सूट, लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना सूट. नकळत काही तोंडात गेलं तर घरातली म्हातारी माणसं म्हणत, देवाला नमस्कार कर आणि पुढचा सोमवार धर. विषय संपला! प्रायश्चित्त होतं, पण प्रायश्चित्ताला शेवट होता. डाएटच्या पापाला ना नमस्कार ना शेवट. आणि मनाशी बोलण्याचंच म्हणाल, तर मराठीत त्याचा सगळ्यात मोठा ग्रंथ समर्थ रामदासांचा. मनाचे श्लोक, एकूण २०५. त्यात समर्थ मनाला उपदेश करतात, धोक्याच्या जागा दाखवतात, प्रसंगी खडसावतातही. पण हाक कुठली मारतात? ‘सज्जन’ म्हणून मारतात. ज्याला सुधारायचं त्याला आधी भला समजायचं, ही त्या बोलण्याची रीत आहे. आपण सुरुवातच ‘निर्लज्जा’ने करतो आणि मन ऐकत नाही म्हणून पुन्हा त्याच्यावरच चिडतो.

मग बोलायचं तरी काय? मला विचाराल तर तीन वाक्यं पुरेत. काय झालं, कशामुळे झालं, पुढचं जेवण कसं. “दोन पोळ्या झाल्या. सकाळपासून पोटात काही नव्हतं. रात्री नेहमीसारखी भाकरी-भाजी.” बस्स. दुसऱ्या दिवशी निर्जळी करून सूड उगवायचा नाही, कारण उपाशी दिवसाची संध्याकाळ कशी जाते ते मिनेसोटाच्या त्या निग्रही माणसांनी दाखवून ठेवलं आहे. डॉक्टरांची तारीख चुकवायची नाही, वजन वाढलं असेल तर मुळीच चुकवायची नाही. दवाखाना शाबासकी घ्यायला जाण्याची जागा नाही. आणि घरातल्यांनो, दुसऱ्याच्या ताटातल्या पोळ्या मोजू नका, जिलबीही ढकलू नका. तेवढी मदत खूप झाली.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगायला हवी. कुणी चोरून खात असेल, खाल्लेलं मुद्दाम उलटून काढत असेल, दिवसेंदिवस उपाशी राहत असेल, विशेषतः घरातली वयात येणारी मुलगी, तर तो हट्ट किंवा नखरा समजू नका. तो आजार असू शकतो आणि त्याला डॉक्टर लागतात, मानसोपचारतज्ज्ञ लागतात. तिथे आईने मारलेला ‘जाडी झालीस’ हा टोमणाही विषासारखा काम करतो.

संक्रांतीला आपण घरोघर जाऊन चिमूटभर तिळगूळ हातावर ठेवतो आणि गोड बोलायला सांगतो. शेजाऱ्यांना सांगतो, भांडलेल्या जावेला सांगतो, ज्यांच्याशी वर्षभर बोलत नाही त्यांनाही सांगतो. त्या हातावरच्या तिळगुळाच्या कॅलरी मोजत घरी येणारी बाई स्वतःशी मात्र वर्षभर कडू बोलते. हे बंद करायला कुठलीही योजना लागत नाही, पावडर लागत नाही, पैसे तर नाहीच नाहीत.

असो. फार लांबलं. पटलं तर बघा, नाही पटलं तर वाद घाला, मी तयार आहे. आणि काल रात्री कुणाचं काही जास्त झालं असेल, तर खाल्लं तर खाल्लं. आता उठा, तोंड धुवा आणि नेहमीचा नाश्ता करा.